पॉलिमरचं मॅगझीन घट्ट बसतं म्हणजे ते बिघडलेलं आहे का?

तुमच्या एआर-१५ रायफलीतून जुनं अॅल्युमिनियमचं मॅगझीन (काडतुसं भरायची पेटी) बटण दाबताच पडतं, नवं पॉलिमरचं मात्र ओढून काढावं लागतं. मग स्टीलचं घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच नको. पॉलिमरला ताकद यावी म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. आत काडतुसांना जागा तेवढीच हवी, म्हणून जाडी बाहेर येते आणि मॅगवेलमधली (रायफलीत मॅगझीन बसतं त्या पोकळीतली) फट कमी होते. शिवाय भरल्यावर भिंती किंचित फुगतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, आधी रिकामं मॅगझीन लावा, मग डमी राउंड (दारू नसलेली नकली काडतुसं) भरून लावा. भरल्यावरच अडकलं तर फुगवटा; रिकामंही अडकलं तर त्या मॅगवेलशी त्याचं माप जुळत नाही. सँडपेपर घेऊन बसू नका, दुसरं आणा.

पण घट्टपणापेक्षा मला काळजी असते ती ओठांची, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन कडांची. माझं एक अॅल्युमिनियमचं मॅगझीन मधूनच दोन-दोन राउंड वर सोडायचं. रायफल तीनदा खोलली, काही सापडेना. शेवटी ते नव्या मॅगझीनशेजारी धरलं, तेव्हा दिसलं: एक ओठ केसभर उघडा. कधीतरी फरशीवर पडलं असणार. अॅल्युमिनियम असंच गुपचूप वाकतं. पॉलिमर आपटलं की एकतर जसंच्या तसं राहतं, नाहीतर तडकतं, आणि तडा निदान दिसतो. मात्र भरून उन्हात महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याचेही ओठ हळूहळू फाकू शकतात. काही मॅगझिनांबरोबर राउंड खाली दाबून धरणारं झाकण येतं, ते त्यासाठीच. (नुसती दाबून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही समजूत मात्र सोडा, ती थकते वारंवार भरण्या-रिकामं करण्याने.)

स्टीलचे ओठ सगळ्यांत टिकाऊ. पण भिंतीला पोचा पडला की फॉलोअर (आतून काडतुसं वर ढकलणारी पट्टी) तिथेच अडतो, गंज येतो, आणि वजन! एके-४७ चं सुरुवातीचं ३० राउंडचं मॅगझीन रिकामंच साधारण ४३० ग्रॅमचं होतं. एआरचं तेवढ्याच राउंडचं अॅल्युमिनियमचं ११० च्या आसपास भरतं. एकेमध्ये मॅगझीन पुढून अडकवून मागे फिरवतात, सगळा ताण पुढच्या कानावर (अडकणाऱ्या उंचवट्यावर) येतो, म्हणून तिथे स्टील किंवा स्टीलचे कान बसवलेलं पॉलिमरच घ्यावं. एआरला ती गरज नाही.

बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) बंद असताना भरलेलं मॅगझीन नीट बसत नसेल तर ३० ऐवजी २८ राउंड भरून बघा. आणि प्रत्येक मॅगझिनावर रंगाने नंबर टाका. जॅम झाला की नंबर लिहून ठेवायचा. तोच नंबर दोनदा आला की ते मॅगझीन बाद.