गुरुत्वहीन की वजनरहित?

प्रश्न असा: अंतराळस्थानकात तरंगणाऱ्या माणसांच्या अवस्थेला 'गुरुत्वहीन' म्हणावं की 'वजनरहित'?

'गुरुत्वहीन' तर मुळीच नको. 'तिथे गुरुत्वाकर्षण नसतं' हे बातम्यांतून ऐकून ऐकून कान किटले. स्थानक जमिनीपासून जेमतेम 400 किलोमीटर वर. तिथेही पृथ्वीची ओढ इथल्या सुमारे नऊ दशांश असते. ती नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं, घिरट्या कशाला घालत बसलं असतं? ते सतत पडतंच आहे, आणि आतली माणसंही त्याच वेगाने पडताहेत. पायाखालची फळीच पडत असली तर तिच्यावर भार टाकणार कसा?

खरी गंमत 'गुरू' या शब्दात आहे. 'गु म्हणजे अंधार, रु म्हणजे तो घालवणारा' ही फोड प्रवचनात शोभते, व्युत्पत्ती म्हणून सांगू नये. सांगणाऱ्यांनी गरिमा, गरिष्ठ, गौरव यांतला अंधार आधी दाखवावा, मग बोलू. गुरू म्हणजे जड, बस्स. शिक्षक नंतरचा, तोही ज्ञानाने जड म्हणून. भास्कराचार्य 1150 मध्ये लिहितात, 'खस्थं गुरु स्वाभिमुखं स्वशक्त्या', म्हणजे आकाशातली जड वस्तू पृथ्वी आपल्याकडे ओढते. इथे कुठले गुरुजी आकाशात लटकलेत? लॅटिन 'ग्राविस' आणि ग्रीक 'बारुस' हे याच 'गुरु'चे सख्खे भाऊ. म्हणजे 'ग्रॅव्हिटी'ला 'गुरुत्व' म्हणणाऱ्याने भाषांतर केलंच, शिवाय ताटातूट झालेल्या भावंडांची गाठही घालून दिली. बॅरोमीटरमधला 'बॅरो'सुद्धा त्याच घरातला.

आणि 'गुरु'च्या उलट 'लघु'. प्राकृतात त्याचं 'लहु' झालं, अक्षरांनी जागा बदलल्या आणि त्यातूनच आपले 'हलका' आणि 'हळू' निघाले. दोन्ही एकाच पोटचे! म्हणून माझं जुनं म्हणणं आहे की 'हलकं ते हळू पडतं' हा अ‍ॅरिस्टॉटलचा गैरसमज आपल्या जिभेतच मुरलेला आहे. 1971 मध्ये डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. हातोडा सव्वा किलोच्या वर, पीस तीसेक ग्रॅमचं. हवाच नाही, त्यामुळे दोन्ही बरोबरच खाली टेकली. हलकं खरं, पण हळू नाही. (हवेत पीस रेंगाळतं ते हवेच्या अडवणुकीने, हे कोणी कळवायला नको.)

हां, 'वजनरहित' राहिलंच. अरबी 'वझ्न' म्हणजे तोलणं. तराजूला 'मीझान' म्हणतात तोही त्याच धातूचा. वजन म्हणजे काटा दाखवेल ते, आणि स्थानकातला काटा शून्यच दाखवणार. तेव्हा 'वजनरहित' खुशाल लिहा. 'वस्तुमानरहित' मात्र लिहू नका. शंभर किलोची पेटी तिथेही शंभर किलोचीच असते, आणि अंगावर येऊन आदळली तर तेवढीच लागते.