अर्धवट स्वेटरांची पिशवी: विणू की उसवू?

प्रश्न : ताई नमस्कार, मला विणायचा भारी नाद आहे पण शेवटपर्यंत काहीच जात नाही. पलंगाच्या बॉक्समध्ये नुसता ढीग झालाय. भाचीसाठी घातलेला स्वेटर, त्याची पाठ आणि एक पुढा झालाय (भाची आता दुसरीत आहे!), मिस्टरांचा बाह्या राहिलेला स्वेटर, नमुना चुकलेली शाल, एकच मोजा आणि यूट्यूबवर बघून केलेली टोपी, जी नारळाला बसेल एवढीच झालीये. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, सगळं पूर्ण करायचंच असं कोणी सांगितलंय? आधी ढीग बाहेर काढा आणि प्रत्येक तुकड्याला एकच विचारा, हे घालणारं माणूस अजून त्या मापाचं आहे का. भाचीचा स्वेटर सरळ उसवा, जीव कळवळेल पण उसवा. उसवलेली लोकर कुरळी होते, ती तशीच विणायला घेऊ नका, टाके वेडेवाकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लच्छी करा, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून न पिळता दांडीवर टाका, वाळली की बरीच सरळ होते.

मिस्टरांच्या स्वेटरला बाह्या हव्यातच कशाला? नाशिकच्या थंडीला बिनबाह्यांचा पुरतो. काखेच्या गोलाईवरून टाके उचला, एक उलट एक सुलट अशी इंचभर पट्टी विणा, झाला स्वेटर. बाह्याच हव्या असतील तर लोकर पुरतेय का ते आधी बघा, कारण नवीन आणलीत तर शेड नंबर तोच असला तरी लॉट नंबर (कुठल्या खेपेत रंगवली त्याचा नंबर) वेगळा निघाला की बाही वेगळी दिसते. आणि दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, लोकरीचे दोन वेगळे गुंडे लावून, एकदमच विणा. एक झाली की दुसरीचा कंटाळा येतो, तुमच्या त्या एकट्या मोज्याचं तेच झालंय.

शालीचं जरा निवांत वेळ काढून करा. चुकलेल्या ओळीच्या खालची एक चांगली ओळ शोधा, बोथट सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून त्या ओळीच्या एकेका टाक्यातून काढा, मग बिनधास्त उसवा, दोऱ्यापाशी येऊन आपोआप थांबतं आणि एकही टाका निसटत नाही. पुढे जाळीचा नमुना असेल तर दर दहा-बारा ओळींनी असा दोरा घालत जा. तसंही वर्षानुवर्षं सुईवर अडकलेले टाके ताणलेले असतात, आपला हातही बदललेला असतो, त्यामुळे काहीही परत हातात घेताना आधी दोन-तीन ओळी उसवूनच सुरू करा, नाहीतर जिथे सोडलं होतं तिथे आडवी रेघ दिसते.

टोपीचं म्हणाल तर दोष बहुतेक सुईचा. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत, नंबर वाढला की सुई बारीक, आपली 8 नंबर म्हणजे 4 मिमी. अमेरिकन व्हिडिओतली 8 मात्र 5 मिमीची असते. म्हणून नंबर नाही, मिमी बघायचे, आणि आधी चार इंचाचा चौकोन विणून टाके मोजायचे. मला माहितीये, तो कोणीच विणत नाही.

आणि हो, बॉक्समध्ये ठेवताना लोकर खरी आहे की ॲक्रिलिक ते बघून घ्या, कारण कसर लोकरीला लागते, ॲक्रिलिकला नाही. तुकडाभर धागा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरा झाला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात टेकवायची नाही, एकदा लुळं पडलं की परत काही उठत नाही.