सिंगल मॉलिक्यूल बायोफिजिक्सच्या परिषदेत फिजिक्सवाल्याला काही कळेल का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला एम.एस्सी. फिजिक्स करताय, बायोलॉजी दहावीनंतर सुटली आणि सर म्हणताहेत या परिषदेला जाऊन ये. डोक्यावरून जाईल का? निम्मं जाईल. माझंही गेलं होतं, आणि मी तर तेव्हा ऑप्टिकल ट्वीझर्सवरच, म्हणजे प्रकाशाच्या चिमट्यावरच, पीएच.डी. करत होतो. तरी जा.

एकच रेणू कशाला बघायचा, एवढं आधी समजून घ्या. आपला इंदूरचा सराफा बाजारच घ्या ना. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू. आता चोवीस तासांचे फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढली तर काय दिसेल? अर्धी बांगडी आणि अर्धा गराडू विकणारं दुकान, जे अख्ख्या इंदुरात नाही. परीक्षानळीत अब्जावधी प्रथिनं एकदम मोजली की हेच होतं. काही रेणू उघडलेले, काही मिटलेले, आणि उत्तर येतं अर्धवट उघड्याचं, जसा रेणू त्यात एकही नसतो. म्हणून ही मंडळी एकेका रेणूच्या मागे लागतात.

यात फिजिक्सवाले उपरे नाहीत. ऑप्टिकल ट्वीझर्स, म्हणजे लेझरच्या एकाच झोतात बारीक मणी पकडून ठेवण्याची युक्ती (मण्याला रेणू चिकटवला की रेणूही हाती येतो), आर्थर अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये बेल लॅब्जमध्ये दाखवली. अ‍ॅश्किनना नोबेल मिळालं २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, आणि तेही फिजिक्सचं. ट्वीझर्सवर काम इंदूरच्या आपल्या आरआरकॅट या लेझर संशोधन केंद्रातही झालंय (आपण अजून त्याला कॅटच म्हणतो).

जाण्याआधी एक आकडा पाठ करा: ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. खोलीच्या तापमानाला केटी, म्हणजे उष्णतेने रेणूंना बसणाऱ्या धक्क्यांची ऊर्जा, एवढी असते. हा हाताशी असला की बरीच भाषणं कागदाच्या कोपऱ्यावर तपासता येतात. उदाहरणार्थ कायनेसिन. हे प्रथिन पेशीतल्या नलिकांवरून माल वाहतं, ८ नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत. ही पावलं १९९३ मध्ये ट्वीझर्सनीच मोजली. साधारण ६ पिकोन्यूटनने मागे ओढलं की हा हमाल अडतो. सहा आठे अठ्ठेचाळीस, म्हणजे जवळपास १२ केटी. एका पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो, त्यातून २० ते २५ केटी मिळतात. निम्म्याच्या आसपास कार्यक्षमता! पेट्रोलच्या गाडीला हे जमत नाही. प्रथिनांची लांबलचक नावं मात्र खुशाल सोडून द्या.

भाषणात कान टवकारायचे ते गोंगाटाशी, म्हणजे मोजमापातल्या नॉइजशी, झालेल्या झटापटीसाठी. २००५ मध्ये आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनए वाचून त्याची आरएनए नक्कल काढणारं प्रथिन, डीएनएवर एकेका अक्षराने, म्हणजे ०.३४ नॅनोमीटरने, सरकताना दिसलं. त्यासाठी स्टॅनफर्डच्या गटाने लेझरची वाट हेलियमने भरून घेतली होती, कारण साध्या हवेच्या हलण्यानेही झोत थरथरतो. आम्ही तर लिफ्ट बंद झाल्यावर रात्री दोनला मोजमाप घ्यायचो.

खरी मजा पोस्टरांपाशी. माझ्या पहिल्या पोस्टरवर मी एक देखणा आलेख लावला होता, पायऱ्या अगदी जिन्यासारख्या स्वच्छ. एक वयस्कर बाई आल्या, चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, ‘‘असा आलेख मिळेपर्यंत किती मणी टाकून दिलेस?’’ मी मोजलेच नव्हते. काही मणी काचेला चिकटतात, काहींना एकाऐवजी दोन-दोन रेणू चिकटलेले असतात, ते टाकावेच लागतात. पण कोणत्या नियमाने टाकले, ते सांगता आलं पाहिजे. मला येईना. त्या रागावल्या नाहीत, शेजारची खुर्ची ओढली आणि माझ्या वहीत तासभर त्यांच्या लॅबचे नियम लिहून दिले. ती वही अजून आहे. तुम्ही पोस्टरांपाशी गेलात की हाच प्रश्न विचारा, बायोलॉजी लागत नाही. आणि स्वेटर न्या, सभागृहातला एसी फार असतो.