‘दोन दिवस वाट पाहिली, डॉक्टर’

मांजरांविषयीची पत्रं बाराही महिने येतात आणि त्यांतले प्रश्न फिरून फिरून तेच असतात. दूध, बाळंतपण, नसबंदी, बाल्कनी. लिहिणारे बदलतात, पण शेजारच्या काकूंनी सांगितलेलं आणि दुकानदारानं हातात ठेवलेलं बदलत नाही. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते आहे.

प्रश्न: आमच्या मनीला रोज वाटीभर दूध देतो. अधूनमधून जुलाब होतात. गाईचं बंद करून म्हशीचं द्यावं का? (नाशिक)

दोन्ही बंद करा, पाणी द्या. दूध पचवणारं विकर पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांत कमी होत जातं. दोन दिवसांत जुलाब थांबले नाहीत, तर स्वच्छ डबीत ताजी शी घेऊन डॉक्टरांकडे जा. जंतांचं औषध अंदाजानं देऊ नका.

प्रश्न: आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. दीड वर्षाची भाटी दूधपोळी, दहीभात आवडीनं खाते आणि तब्येतीनं छान आहे. हेच चालू ठेवलं तर चालेल ना? (सांगली)

नाही चालणार. तुमच्या घरच्या रीतीचा मला आदर आहे, पण मांजराचं शरीर त्या रीतीवर चालत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला पुरेसा तयार करता येत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली अमेरिकेतल्या संशोधनातून पुढे आला. टॉरिन दिल्यावर त्या मांजरांची हृदयं सुधारलीही. गेलेली नजर मात्र परत येत नाही. हे सगळं व्हायला कित्येक महिने लागतात, म्हणून ‘तब्येतीनं छान आहे’ यावर विसंबू नका.

त्यासाठी घरात मांस आणून शिजवायची गरज नाही. मांजरांसाठीचं तयार संपूर्ण अन्न आणा, त्याची ताटली वेगळी ठेवा. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करा. कुत्र्याचं खाणं देऊ नका, कुत्र्याचं शरीर टॉरिन बहुतांशी स्वतः बनवतं, त्यामुळे त्याच्या पाकिटात ते मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. आणि एकदा तिचं हृदय आणि डोळे तपासून घ्या.

प्रश्न: अडीच वर्षांचा बोका कालपासून सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण काहीच होत नाही. आज जेवलाही नाही. पोट साफ होत नसावं. दुकानातून एक सिरप आणलंय. शिवाय एरंडेल किती द्यावं? (ठाणे जिल्हा)

या पत्राचं उत्तर छापून येईपर्यंत मी थांबले नाही. रात्री साडेनऊला मेल वाचला, दिलेल्या नंबरवर फोन लावला आणि आहात तसे निघा म्हणून सांगितलं. त्याच रात्री त्याला नळी घातली गेली आणि चौथ्या दिवशी तो घरी परतला. त्याचं नशीब चांगलं होतं. इतरांसाठी मी सविस्तर लिहिते, कारण दवाखान्यात मला सगळ्यात जास्त धास्ती कसली वाटत असेल तर ती याची.

बोका ट्रेमध्ये बसून कुंथत असेल, तर बद्धकोष्ठाचा विचार शेवटी करायचा. आधी विचार करायचा लघवी अडकल्याचा. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. मूत्राशयाला सूज आली की चिकट स्राव, पेशी आणि खड्यांचे बारीक कण मिळून तिथे बूच बसतं. कधी लहान खडा अडकतो, कधी नुसतीच नळी आवळून धरली जाते. वरून मूत्रपिंडं लघवी तयार करत राहतात, खाली वाट बंद. मग विषारी द्रव्यं रक्तात साठतात, पोटॅशियम चढतं आणि ते हृदयाची लय बिघडवतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जिवावर बेतू शकतं. भाट्यांची नळी रुंद, त्यांच्यात असं क्वचित होतं. पण भाटी कुंथत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं, तर तिलाही त्याच दिवशी दाखवायचं.

काही वर्षांपूर्वी सोमवारी सकाळी एक केशरी बोका माझ्या टेबलावर आला. शनिवार दुपारपासून कुंथत होता. मधल्या वेळात त्याला दोन चमचे एरंडेल पाजलं होतं आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याचं पोटही चोळलं होतं. मी पोटाखाली हात घातला. मूत्राशय मोसंबीएवढं आणि दगडासारखं टणक. पंजे गार. दवाखान्यात आलेल्या मांजराचं हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास धावतं, याचं नव्वदच्याही खाली होतं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, सलाइन सुरू केलं, नळी घालायची तयारी होते आहे तेवढ्यात तो गेला. ‘दोन दिवस वाट पाहिली, डॉक्टर, म्हटलं होईल मोकळं,’ असं ती मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचं त्या बोक्यावर जिवापाड प्रेम होतं. तिला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं, म्हणून मी संधी मिळेल तिथे सांगते.

ओळखायचं कसं? ट्रेमधली वाळू सारखी करून ठेवा आणि बोका उठला की लगेच बघा. नेहमी लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा ओला गोळा सापडतो. तो न सापडता नुसते थेंब असतील किंवा वाळू कोरडी असेल, वर तो सारखा मागच्या बाजूला चाटत असेल, उचलल्यावर ओरडत असेल, तर घड्याळ पाहायचं नाही. उलटी झाली, मलूल पडला, म्हणजे आधीच उशीर झालेला आहे. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, ताणलेलं मूत्राशय फुटतं. एरंडेल नको, बार्लीचं पाणी नको, सिरप नको. ‘खडे विरघळवणारं’ म्हणून काउंटरवरून बाटली देणाऱ्यानं तुमच्या बोक्याच्या पोटाला हात लावलेला नसतो. बंद नळीला उपाय एकच: भूल देऊन ती मोकळी करणं, सलाइन, आणि दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवणं. रविवार असला तरी ज्या दवाखान्यात हे होतं, त्याचा पत्ता आजच फोनमध्ये ठेवा.

एकदा अडकलेला बोका पुन्हा अडकू शकतो. म्हणून त्याच्या पोटात पाणी जास्त जायला हवं: ओलं अन्न, घरात तीन-चार ठिकाणी रुंद तोंडाची पाण्याची भांडी. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. घरात रंगकाम, पाहुणे, नवं मांजर आलं की ताणानं मूत्राशय सुजतं, त्या दिवसांत ट्रेवर जास्त लक्ष ठेवा. लवकर नसबंदी केल्यानं नळी अरुंद राहते, असं मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतं. प्रत्यक्ष मोजून पाहिलेल्यांना तसा फरक आढळलेला नाही.

प्रश्न: सून तीन महिन्यांची गरोदर आहे. घरी सहा वर्षांचं मांजर आहे. नातेवाईक म्हणतात, बाळाला धोका, लगेच कुठेतरी सोडून या. (कोल्हापूर)

सोडू नका. भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची आहे, ती पूर्ण खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे. मांजराच्या शीतून त्याची अंडी बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे पडतात, आणि पडल्यावर किमान एक दिवस तरी ती संसर्ग करू शकत नाहीत. म्हणजे ट्रे रोज साफ केला तर धोका फार कमी राहतो, आणि तो सूनबाईंनी नाही, दुसऱ्या कुणी साफ करावा. अर्धकच्चं मांस, न धुतलेल्या पालेभाज्या आणि कुंडीतली माती यांच्याकडे मात्र घरात कुणी संशयानं बघत नाही, तिथून हा संसर्ग सहज होतो. मातीत हात घालताना हातमोजे घाला. मांजराला कच्चं मटण देऊ नका. रक्ततपासणी करायची की नाही, हे सूनबाईंच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: भाटीला एक वेत होऊ द्यावं, मगच ऑपरेशन करावं, असं म्हणतात. तोवर मेडिकलमधून गोळ्या मिळतात, त्या द्याव्यात का? (पुणे)

पहिल्याचं उत्तर: नाही, एका वेताचा तिला काहीही फायदा नाही. चार महिन्यांची पिल्लंही माजावर येऊ शकतात, साधारण दोन महिन्यांत व्यायतात, आणि पहिली पिल्लं दूध पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली, तर पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोका खूप घटतो. मांजरांत हा कर्करोग बहुतेक वेळा घातक प्रकारचा असतो, म्हणून इतका आग्रह धरते.

दुसऱ्याचं उत्तर: त्या संप्रेरकाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं नकोत. त्यांनी गर्भाशयात पू होतो, स्तनांत गाठी येतात, आणि मग ऑपरेशन टळत नाही, जास्त धोक्याचं होऊन बसतं. वजन आणि रक्त तपासून तुमच्या डॉक्टरांकडून तारीख घ्या.

प्रश्न: पस्तीस दिवसांचं पर्शियन पिल्लू विकत घेतलं. विकणाऱ्यानं ‘पूर्ण लसीकरण झालंय’ असं कार्ड दिलंय. पुढची लस वर्षानंच ना? (नवी मुंबई)

ते कार्ड बाजूला ठेवा. मांजरांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत परत द्याव्या लागतात आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांनी. पस्तीस दिवसांत ‘पूर्ण’ काहीच होऊ शकत नाही. इतक्या लहान पिल्लाला आईपासून तोडून विकणं हीच पहिली लबाडी, कारण गोंडस दिसतं तोवर भाव मिळतो. किमान आठ आठवडे, शक्यतो बारा, ते आईजवळच हवं. चावायचं किती जोरात, हेसुद्धा ते भावंडांत शिकतं. या आठवड्यातच दाखवून आणा आणि श्वास घेताना आवाज होतो का, तेही विचारा. चपट्या नाकाच्या पिल्लांना तो त्रास असतो.

प्रश्न: मांजराला ताप वाटतो. अर्धी पॅरासिटामॉल चालेल? (लातूर)

अजिबात नाही. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, मांजर दगावतं. दिली असेल तर हे वाचत बसू नका, निघा. तसंच कुत्र्यांचं गोचिडांवरचं मानेवर टाकायचं औषध: त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला आकडी येते.

प्रश्न: बोका पहाटे चारला पायांवर झडप घालतो. दिवसा लेझर लाइटनं तासभर खेळवतो, तरी तेच. (डोंबिवली)

पहाट आणि तिन्हीसांज या त्याच्या शिकारीच्या वेळा आहेत. लेझरचा ठिपका हाती लागत नाही, त्यामुळे शिकार कधी पुरी होत नाही आणि तो चेकाळलेलाच राहतो. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं काठीला बांधलेलं पीस घ्या. ते त्याच्या अंगावर नाचवू नका, कुठलाही उंदीर मांजराकडे धावत येत नाही. जमिनीवरून त्याच्यापासून लांब न्या, उशीमागे अर्धं लपवा, थांबा, मग किंचित हलवा. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतील, मागचे पाय खाली दबून चाळवायला लागतील आणि तो झेप घेईल. चार-पाच वेळा पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्याचा क्रम आहे. पहाटे चावल्यावर उठून खायला घातलंत, तर तो तेच शिकेल.

खेळ संपला की दोरी कपाटात. सुतळी, रिबन, संक्रांतीचा मांजा गिळला तर आतडं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच घेऊन या. परसात खोकली नावाचं रान उगवत असेल, तर उपटलेल्या मुळाशी मांजरं कशी लोळतात ते जरूर बघा. माझ्या लहानपणची ही आवडती करमणूक होती.

प्रश्न: आठव्या मजल्यावर राहतो. मांजर चार पायांवरच पडतं म्हणतात, आणि कबुतरांची जाळीही आहे. पुरेसं आहे ना? (मुंबई)

नाही. चार पायांवर पडलेल्या मांजराचाही जबडा फुटतो, छातीत हवा भरते. कबुतरांची नायलॉन जाळी नखांनी आणि उन्हानं फाटते. बारीक घराची धातूची जाळी बसवा, खिडक्यांनाही.

प्रश्न: आमची तेरा वर्षांची भाटी हल्ली पाणी खूप पिते. खाते छान, तरी वाळत चाललीय. वयानं असेल का? (रत्नागिरी)

वय हा आजार नाही. मूत्रपिंडं, मधुमेह आणि थायरॉइड, तिन्हींची सुरुवात अशी दिसू शकते आणि लवकर कळलं तर तिन्हींवर काहीतरी करता येतं. पाणी कमी करू नका, तिला ते लागतंय म्हणून ती पितेय. उद्या सकाळी भांड्यात मोजून पाणी भरा, चोवीस तासांनी किती उरलं ते लिहून ठेवा, घरातल्या काट्यावर तिला उचलून घेऊन वजन करा, मग स्वतःचं वजा करा. हे दोन आकडे घेऊन याच आठवड्यात रक्त आणि लघवी तपासायला न्या.