शृंगारिक प्रेमकथा लिहायच्या आहेत, पण घरच्यांची धास्ती वाटते. सुरुवात कशी करू?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, त्याचा सारांश असा: साताऱ्यात राहता, नोकरी आहे, लग्न ठरलंय. शृंगारिक प्रेमकथा लिहायच्या आहेत. त्या कशा लिहायच्या, कुठे द्यायच्या, पैसे सुटतात का, कोर्टकचेरीचं लचांड मागे लागतं का, आणि होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं का.

मी सांगलीची. दिवसा मार्केट यार्डात एका अडत दुकानात हळदीच्या पट्ट्या आणि हिशेब, आणि बरीच वर्षं टोपणनावानं हे लेखन. तेव्हा अनुभवातून सांगते.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. चावट गोष्ट वेगळी आणि शृंगारिक प्रेमकथा वेगळी. चावट गोष्टीत माणसं कुणीही असली तरी चालतात. प्रेमकथेत त्याच दोघांचं काय होणार याची वाचकाला काळजी लागते आणि शेवटी ती दोघं एकत्र येणार, निदान तशी आशा तरी उरणार, हा अलिखित करार असतो. शृंगारिक प्रेमकथेत भर एवढीच की त्यांच्या नात्यातली मोठी वळणं अंथरुणातच येतात. कसोटी सोपी आहे. तो प्रसंग कापून पाहा. गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली तर प्रसंग चिकटवलेला आहे. त्या रात्रीनंतर दोघांपैकी एकाचं तरी काहीतरी हललं पाहिजे: राग गेला, संशय आला, एखादी लपवलेली गोष्ट तोंडातून निघाली, काहीही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. नवीन लिहिणाऱ्या मुली मला मजकूर पाठवतात आणि त्यातल्या बहुतेकांत नायक-नायिका थेट एकमेकांच्या मिठीत असतात. मोठा फ्लॅट, खिडकीतून पाऊस, घरात चिटपाखरू नाही. मला वाचताना एकच प्रश्न पडतो: बाकीची माणसं कुठे गेली? आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. आजी रात्रीतून तीनदा उठते. दिराची परीक्षा असते म्हणून आतल्या खोलीतला दिवा चालू. भिंतीपलीकडे जाऊबाई. सांगली-साताऱ्याच्या घरात सगळ्यात दुर्मीळ वस्तू म्हणजे एकांत, आणि आपली शृंगारकथा तिथूनच सुरू व्हायला हवी. शरीर नंतर. आधी जागा कुठे, वेळ कोणती, कोण जागं आहे, कडी लागते का, हे ठरवा. अडचण जितकी खरी, तितकी ओढ खरी वाटते.

नमुना देते. माझ्याकडे येणारं वाक्य साधारण असं असतं: ‘त्याने तिला जवळ ओढले आणि तिच्या सर्वांगावर रोमांच उभे राहिले.’ हे कुठल्याही गावातल्या कुठल्याही जोडप्याचं असू शकतं. आता हरिपुरातलं एक घर घ्या, लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली:

‘जेवणं झाली. सासूबाई सोप्यात आडव्या झाल्या. तिनं ओटा पुसला, दुधावर झाकण ठेवलं. आत आली तर तो पलंगावरची गादी ओढून खाली फरशीवर टाकत होता. पलंग कुरकुरायचा. तो काही बोलला नाही. तिनं केसातली पिन काढून खिडकीत ठेवली आणि म्हणाली, “चादर तरी नीट घाला की.”’

यात कुणी कुणाला हात लावलेला नाही. पण गादी खाली आली म्हणजे काय, हे तिला कळलं, वाचणाऱ्या बाईलाही कळलं. आणि ‘चादर नीट घाला’ हा तिचा होकार आहे, तोही थोडा रुबाब ठेवून. एवढी तयारी झाली की पुढचं मोकळेपणानं लिहा. तिथे मात्र ‘दिवा मालवला आणि रात्र सरली’ असली पळवाट काढू नका. या प्रकारच्या गोष्टीत ती वाचकाची फसवणूक आहे. अवयवांच्या नावांवर अडून बसू नका. हात काय करतोय, श्वास कुठे अडला, ब्लाउजचा हुक का निघत नाहीये, हे लिहीत गेलात तर फारशी नावं लागत नाहीत. भुंगा आणि कमळ एवढं टाळा. पुढच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येऊ द्या.

तुमच्या जिल्ह्यात तर असल्या गोष्टींची खाणच आहे. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं तुमच्या शेजारी, जिथं घराघरातून फौजेत जातात. सुट्टीवर आलेला नवरा, मोजके दिवस, आणि त्या दिवसांत भेटायला येणारे मामा, मेव्हणे, मित्र, देवाला जायचं, शेताचं बांधाचं भांडण मिटवायचं. बायको दिवसभर सगळ्यांना चहा करत असते आणि दिवस मनात मोजत असते. एवढ्यावर अख्खी कादंबरी निघेल. आपल्या जुन्या शास्त्रानं शृंगाराचे दोन भाग केलेत, संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलन आणि विरह. नवे लेखक सगळा जोर पहिल्यावर लावतात. पेशवाईतल्या लावण्या काढून बघा, स्वारीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई त्यांत वारंवार भेटेल, आणि ती कसली सोवळी बोलत नाही.

लावणीवरून आठवलं. ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, वेळ जातो. पण मनातून खचूही नका. सातवाहनकाळातली हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडी आहेत आणि शेताच्या बांधावरच्या, नदीकाठच्या चोरट्या भेटींच्या आहेत. पठ्ठे बापूराव म्हणजे आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी; कुळकर्ण्याचं घर सोडून तमाशात गेले आणि लावण्या लिहिल्या. गावच्या जत्रेत पहिल्या रांगेत बसून शिट्टी मारणारा माणूसच सकाळी पारावर संस्कृतीवर बोलतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

कोर्टाची भीती मात्र समजून घ्यावी, कारण ती अगदीच पोकळ नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं, तेव्हापासून मराठीत अश्लीलतेचे खटले झालेत. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. आपल्या कामाचा खटला लेखक चंद्रकांत काकोडकरांचा. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर खटला झाला, हायकोर्टानं दोषी धरलं आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं. समाजाच्या मोजपट्ट्या बदलत असतात, हे त्या निकालात मान्य केलेलं आहे. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सुप्रीम कोर्टानं जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली: सुटं वाक्य किंवा चित्र उचलून चालणार नाही, पूर्ण संदर्भ बघायचा आणि आजच्या समाजाची नजर धरायची.

तरी कायदा आहेच. अश्लील मजकुराबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. इंटरनेटवर टाकलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७अ. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठीच्या लेखनाला या कलमांत सूट आहे, पण ती कोर्टात जाऊन सिद्ध करावी लागते, म्हणून प्रत्येक प्रसंग गोष्टीत रुजलेला असणं तुमच्याच फायद्याचं. आणि एका ठिकाणी तडजोड नाही: पात्रं अठरा वर्षांच्या वरची. अकरावी-बारावीची गोष्ट लिहायची तर शृंगार लिहू नका. त्याच कायद्याच्या ६७ब कलमात, जे लहान मुलांबाबतच्या अश्लील मजकुराचं आहे, नुसतं लिहिलेलंसुद्धा येतं, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

जबरदस्तीबद्दलही तसंच. ‘ती नाही म्हणत होती पण तिचे डोळे हो म्हणत होते’ हे वाक्य मला दिसलं की मी पुढे वाचत नाही. नैतिकतेचं राहू द्या, लेखन म्हणूनही ते आळशी आहे. त्यानं विचारलं, तिनं अर्धा होकार दिला, मग तिनंच पुढाकार घेतला, यात लिहिण्यासारखं केवढं तरी आहे.

टोपणनाव जरूर घ्या. टोपणनावानं लिहिलं म्हणून कॉपीराइट जात नाही. खरं नाव कधीच उघड झालं नाही तर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, उघड झालं तर नेहमीसारखा हयातभर आणि पुढे ६० वर्षं. करार, पॅन आणि बँक खातं मात्र खऱ्या नावानं. ईमेल वेगळा काढा. फोन नंबरही वेगळा घ्या, कारण जुन्या नंबरावर नवं फेसबुक खातं उघडलंत तर ‘तुमच्या ओळखीचे’ म्हणून तुमच्या आत्याला तुमचंच टोपणनाव सुचवलं जाईल. मुखपृष्ठावर उघडी पाठ वगैरे घालू नका. पुस्तक वाचणारी बाईसुद्धा घरातच बसून फोन हाताळत असते, तिचीही सोय बघायची. आणि इनबॉक्समध्ये पुरुष येतील. ‘हे सगळं अनुभवातून लिहिता का?’ हा पहिला प्रश्न असतो. उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं; धमकी किंवा फोटोपर्यंत गेलं तर स्क्रीनशॉट काढून सायबर पोलिसांत द्यायचं. मला लाज वाटत नाही, पण भांडायला वेळही नाही.

छापायचं कुठे? प्रतिलिपी या कथांच्या अॅपवर मराठी वाचक भरपूर आहेत, भागाभागानं टाकलं की कुठे वाचक गळतात ते लगेच कळतं. अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक स्वतःच काढता येतं, पैसे भरावे लागत नाहीत. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, त्यामुळे एकच कथा दोन्हीकडे टाकण्याआधी ठरवा. दोन्ही ठिकाणी प्रौढ मजकुराचे नियम आहेत, ते आधी वाचा. दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर उन्हाळ्यातच पाठवा.

पैसे? माझा किराणा आणि मुलाची क्लासची फी निघते. घराचा हप्ता निघत नाही. नोकरी सोडू नका. जी पुस्तकं चालली ती एकामागून एक आलेल्या मालिकेतली आहेत. एकच पुस्तक काढून वाट बघत बसलात तर काही हाती लागणार नाही.

लिहायची वेळ कुठून काढायची, हेही विचारलंय. मला यार्डात हळदीचे सौदे आटोपले की दुपारी थोडी उसंत असते, पण तिथे हमाल, व्यापारी, मालक, तेव्हा फक्त मनात जुळवाजुळव. लिहिते रात्री, फोनवर, हॉलमध्ये. सासूबाईंची मालिका चालू असते, त्यातली एक सून दुसरीच्या दुधात काहीतरी घालत असते आणि मी शेजारी बसून नायिकेचं काय करायचं ते टाइप करत असते. माझ्याकडे कुणी बघत नाही. सगळ्यांना वाटतं व्हॉट्सअॅप.

राहिला होणारा नवरा. लग्नाआधी सांगा. ‘मला एक कबुली द्यायची आहे’ अशा सुरात नको. नोकरी, पगार, पुढे शिकायचं आहे का, हे जसं बोलता तसंच, भेळ खाताना. तो काय म्हणतो त्यापेक्षा दोन दिवसांनी काय विचारतो ते बघा. ‘कुठली कथा आधी वाचू?’ आणि ‘आईला कळलं तर?’ या दोन प्रश्नांत फरक आहे, तरी दुसऱ्यानंही लगेच बिथरू नका, तो प्रश्न तुम्हालाही पडलाच आहे. पण लेखन बंद करण्याची अट घातली तर ती लग्नानंतर सुटेल या भरवशावर राहू नका.

आणि कच्चा मजकूर वाचायला त्याला देऊ नका. त्यासाठी एखादी स्पष्ट बोलणारी मैत्रीण बघा. नवरे प्रत्येक प्रसंगात स्वतःला शोधतात. सापडले तर ‘हे कशाला लिहिलंस’ आणि नाही सापडले तर त्याहून वाईट. माझ्या एका कादंबरीत निपाणीचा तंबाखूचा व्यापारी आहे, निव्वळ काल्पनिक. ती येऊन कितीतरी दिवस झाले, पण निपाणीची एसटी दिसली की आमचे मिस्टर अजून विचारतात, ‘काय गं, तो कोण होता?’