दाढ ठणकते, पण सूज-ताप काही नाही. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घ्याव्यात का?

तुम्ही गुहागरहून विचारलंय: रात्री दाढ ठणकते, गार पाणी लागलं की कळ जाते, ताप-सूज नाही, आणि डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या देऊन 'गणपती झाले की या' म्हटलंय. मी याच किनाऱ्यावर दातांचा दवाखाना चालवते. तुम्ही लिहिलेल्या त्रासावर अँटिबायोटिक काम करत नाही.

कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली की ती नस आतल्या आत सुजते. भोवती टणक दात, सुजेला पसरायला जागा नाही, म्हणून ठणका. पुढे नस मेली की तिथला रक्तपुरवठाच थांबतो, मग रक्तातून येणारं औषध आत पोचणार कुठून? दाढ उघडून नस काढावी लागते. रूट कॅनाल पुरं व्हायला दोन-तीन खेपा लागल्या तरी ठणका बहुतेकदा पहिल्याच खेपेला उतरतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: प्रकृती धडधाकट असेल आणि दातावर लगेच उपचार होणार असेल, तर अशा दुखण्याला अँटिबायोटिक नको.

तरी लिहून दिली जाते. पेशंट दोन एसट्या बदलून येतो, त्याला दुपारची परतीची गाडी गाठायची असते, बाहेर रांग असते. सणात गाल सुजला तर काय, ही डॉक्टरांना धास्ती. घरी चाकरमानी यायचे असतात, तेव्हा पेशंटच म्हणतो, 'आत्ता गोळी द्या, नंतर बघू.' पुडीत पेनकिलरही असते. आराम तिने पडतो, नाव होतं अँटिबायोटिकचं, आणि पुढल्या खेपेला माणूस तीच पट्टी थेट मेडिकलमधून आणतो. साध्या दाढदुखीला ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल या दोन जंतुनाशक औषधांची जोडगोळी दिलेली पाहिली की मला फार वाईट वाटतं. गंभीर आजारात लागणारी औषधं आपण अशी बोथट करतोय.

डॉक्टरांना आजच फोन करा आणि विचारा, 'गणपतीआधी दाढ उघडून द्याल का?' गोळ्या सुरू केल्या असतील तर त्याही बंद करू का ते विचारा. तोवर दुखण्यासाठी जेवणानंतर आयब्युप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम चालतं; मात्र अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयब्युप्रोफेन नको.

ताप आला, गालाची सूज पसरायला लागली, तर मात्र अँटिबायोटिक लागते. हृदयात कृत्रिम झडप असेल तर उपचाराआधी एक डोस घ्यावा लागतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि तोंड उघडेना, गिळता येईना, जबड्याखाली सूज उतरली, तर सण असो नसो, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.