पहिली नोकरी शोधताना

तीन ठिकाणांहून नकार आला म्हणून खचून जाऊ नकोस. मुलाखत झाली की त्याच दिवशी, सगळं ताजं असताना, वहीत उतरवून ठेव: काय विचारलं, कुठे अडखळलास. मी एकदा नफा आणि रोख प्रवाह यातला फरक सांगताना पार गडबडलो होतो. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा उमगलं. माल ९० दिवसांच्या उधारीवर विकला तर नफा आजच्या हिशेबात दिसतो, पैसे मात्र तीन महिन्यांनी हातात येतात. पगार आणि भाडं तोवर थांबत नाही. नफ्यातला धंदाही असा बुडू शकतो. तो प्रश्न मला पुन्हा कधी अडला नाही.

नोकरी निवडताना पदाच्या नावाला भुलू नकोस. हाताखाली घेणारा माणूस शिकवणारा आहे का, ते बघ. वसुलीचं किंवा स्टॉक मोजायचं काम मिळालं तर आनंदाने घे. धंदा मला तरी तिथेच कळला. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल, म्हणजे लांबलचक यादीतल्या आकड्यांचा गटवार सारांश काढायची सोय, येत नसेल तर याच आठवड्यात शिकून घे.

बरोबरच्यांच्या पगाराचे आकडे ऐकून झोप उडवून घेऊ नकोस. पुढच्या मुलाखतीआधी फोन कर, तासभर सराव करू.